पानाची पालथी बाजू : बेळगावच्या पश्चिम भागातल्या एका बटाटा शेताचं प्रकरण

हे प्रकरण एक एकर बटाट्याचं आहे. 2024 च्या खरिपात, राकसकोपच्या बाजूच्या आमच्या गावात, काकांच्या शेतात ते घडलं. त्यात पानाच्या फोटोवरून रोग सांगणारं मोबाईलमधलं एक ॲप आहे आणि एक चुकीचं औषध आहे. ते ॲप काकांच्या मोबाईलवर मीच टाकून दिलं होतं. मी बेळगावात एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. यंत्राला चित्रं ओळखायला कसं शिकवायचं हा माझ्या रोजच्या तासाचा विषय. त्यामुळं काय चुकलं ते शोधून काढायची जबाबदारीही माझ्याकडेच येते, असं मी मानतो.

शेत आणि हंगाम

बेळगावातून वेंगुर्ला रस्त्यानं निघालं की हिंडलगा मागं पडतं आणि उचगाव, तुरमुरी, बेकिनकेरे, कुद्रेमानी हा भाग सुरू होतो. त्याच्या दक्षिणेला बेळगुंदी, बिजगर्णी. सगळी लाल माती, निचऱ्याची. समुद्रसपाटीपासून उंची साधारण 750 मीटर, सह्याद्रीचा कडा हाकेच्या अंतरावर. इथं भात, रताळी आणि बटाटा ही घराघरातली पिकं. उत्तर हिंदुस्थानात बटाटा थंडीत घेतात, कोरड्या हवेत. आमच्याकडे तो ऐन पावसात वाढतो. मृगाच्या आगेमागे लावायचा आणि गणपती झाले की काढायला घ्यायचा. म्हणजे पाला भरात येतो तो नेमका जुलै-ऑगस्टात, जेव्हा सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही आणि रात्री पारा 20 अंशांच्या आसपास राहतो. करप्याला, म्हणजे पाला काळा पाडणाऱ्या रोगाला, याहून चांगलं घर मिळणं कठीण.

काकांनी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कुफरी ज्योती लावली. बियाणं जालंधरचं, बेळगावच्या बाजारातून आणलेलं. ही जात सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं 1968 साली दिली, तेव्हा ती करप्याला दाद देत नव्हती. आज देते. पण बाजारात तिचा बटाटा ओळखीचा आहे, दर मिळतो, म्हणून शेतकरी तिला सोडत नाहीत. तिसाव्या दिवशी काकांनी मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मारलं. दुसऱ्याच रात्रीपासून जो पाऊस लागला तो बारा दिवस हटला नाही. औषध पानावर किती राहिलं असेल याचा अंदाज कुणालाही करता येईल.

चाळिसाव्या दिवसाच्या सुमाराला काकूंना बांधाकडच्या दोन सऱ्यांत पानांच्या कडा काळ्या पडलेल्या दिसल्या. काकांनी दुपारी पाऊस जरा उघडल्यावर फोटो काढला. वरून, उभ्यानं, जसा कुणीही काढेल तसा. ॲपनं दोन-तीन सेकंदांत उत्तर दिलं: बटाटा, लवकर येणारा करपा, 96 टक्के.

काकांनी मला फोन केला. मी तासावर होतो, मधल्या सुट्टीत उचलला.

“लवकर येणारा करपा म्हणतंय ते,” काका म्हणाले. “आलाय की लवकर. चाळीस दिवस बी झाले नाहीत अजून.”

मी म्हटलं, “मग बरोबर असेल काका. दुकानात दाखवा आणि औषध घ्या.”

हे वाक्य मी आजवर पुष्कळदा आठवलं आहे. 96 हा आकडा काय असतो हे मला माहीत होतं. तरीही मी तो आकडा डॉक्टरच्या चिठ्ठीसारखा पुढं सरकवला.

दुकानदारानं मोबाईल बघितला आणि ट्रायझोल गटातलं एक बुरशीनाशक दिलं. ॲपनं सांगितलेल्या रोगावर ते औषध योग्यच होतं, त्याची चूक नव्हती. काका-काकूंनी संध्याकाळच्या आत सोळा लिटरच्या पंपानं सगळ्या एकराला औषध मारलं. चौथ्या दिवशी परत फोन.

“पाला काळा पडूलालाय रे. औषध मारलाव खरं उतार पडंना.”

रविवार सकाळ

मी रविवारी सात वाजता शेतात पोहोचलो. करप्यानं बसलेल्या बटाट्याच्या शेताला एक वास असतो, कुजक्या भाजीसारखा, ओलसर. तो बांधावरच आला. पहिल्या वीसेक सऱ्यांत पानं उकडल्यासारखी लोंबत होती, खोडांवर तपकिरी-काळे पट्टे होते. आतल्या सऱ्या अजून हिरव्या, पण प्रत्येक झाडावर एखाद-दुसरा डाग होताच.

काकू माझ्या आधी वाफ्यात उतरल्या होत्या. त्यांनी एक पान देठापासून न तोडता हातावर पालथं केलं आणि म्हणाल्या, “हे बघितलंस काय?”

डागाच्या काळ्या भागाभोवती फिकट हिरवा, पाणी मुरल्यासारखा पट्टा होता. त्या पट्ट्यावर, फक्त खालच्या बाजूनं, पांढरी लव होती. अगदी विरळ, पेरूच्या कोवळ्या पानावर असते तशी. पान वरून बघितलं तर त्यातलं काही दिसत नव्हतं. दहा वाजता थोडं ऊन पडलं तेव्हा तेच पान मी पुन्हा बघितलं. लव जवळजवळ नाहीशी झालेली होती.

बटाट्याच्या दोन करप्यांत फरक करायचा तो इथं. एक आल्टर्नेरिया सोलानी या बुरशीचा, तोच ‘लवकर येणारा’. तो बहुधा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो, डाग कोरडा असतो, आणि डागात एकात एक गोल कडी दिसतात, झाडाच्या बुंध्याच्या कापात दिसतात तशी. दुसरा फायटोफ्थोरा इन्फेस्टन्सचा, म्हणजे ‘उशिरा येणारा’. तो पानाच्या टोकापासून किंवा कडेपासून ओला डाग घेऊन येतो, थंड आणि दमट हवेत झपाट्यानं पसरतो, आणि सकाळी पानाखाली ही पांढरी लव दाखवतो. 1845 पासून आयर्लंडमध्ये जो दुष्काळ पडला आणि ज्यात सुमारे 10 लाख माणसं गेली, तो याच दुसऱ्याचा. त्याला हे नाव जर्मन शास्त्रज्ञ अँटन डी बारी यांनी 1876 साली दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ झाडाचा नाश करणारा.

मी दहा-बारा पानं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातली आणि धारवाडला माझा एक कृषी पदवीधर मित्र असतो, त्याच्याकडे नेली. रात्रभर डबा बंद राहिला. सकाळी उघडला तर लव दाट झालेली. त्यानं पारदर्शक चिकटपट्टी पानाला लावून उचलली, काचेवर ठेवली आणि मला सूक्ष्मदर्शकाखाली बघायला दिली. झाडाच्या डहाळ्यांसारखे फाटे, आणि टोकांना लिंबाच्या आकाराच्या थैल्या, प्रत्येकीला लिंबासारखंच बारीक टोक. आल्टर्नेरिया असता तर गदेसारखे, आडवे-उभे पडदे असलेले, लांब शेपटीचे बीजाणू दिसले असते. तसा एकही नव्हता. सगळी मिळून पाच मिनिटांची तपासणी.

ते औषध का चाललं नाही

ही गोष्ट मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हती, आणि सगळ्या प्रकरणाचा कणा तीच आहे. फायटोफ्थोरा ही बुरशी नाहीच. दिसायला बुरशीसारखी, पसरते बुरशीसारखी, आपण तिला बुरशी म्हणतो. पण वंशावळीत ती समुद्रातल्या तपकिरी शेवाळांच्या जवळची. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन असतं, झुरळाच्या कवचात असतं तेच. फायटोफ्थोराच्या भित्तीत मुख्यतः ग्लुकन आणि सेल्युलोज.

ट्रायझोल गटातली औषधं बुरशीच्या पेशीपटलातला एर्गोस्टेरॉल नावाचा, स्टेरॉल जातीचा घटक तयार होऊ देत नाहीत. तो नाही म्हणजे पटल नीट बनत नाही, बुरशी थांबते. फायटोफ्थोरा मुळात स्टेरॉल बनवतच नाही, लागेल तेवढं झाडाकडून घेते. जी भट्टी घरात नाहीच ती विझवायला आपण पाणी ओतलं. पाचशे मिलीच्या त्या बाटलीनं काकांच्या शेतात काहीही केलं नाही, आणि त्या चार-पाच दिवसांत रोगानं एक पिढी पुरी केली. पोषक हवेत एका डागातून नवे बीजाणू बाहेर पडायला एवढेच दिवस लागतात, आणि एका डागातून ते हजारोंनी पडतात.

दुकानात मिळतं त्या सगळ्यावर आपण ‘बुरशीनाशक’ असा एकच शब्द लिहितो. शब्द एक असल्यामुळं सगळ्यांचं काम एक असं वाटत राहतं. दुकानदारानं नुसतं मॅन्कोझेब पुन्हा दिलं असतं तरी नुकसान कमी झालं असतं. कारण ते पेशीतल्या अनेक जागांवर एकदम मार करतं आणि दोन्ही करप्यांना निदान नव्या पानांवर अडवतं. चुकीचं निदान आणि नेमकं औषध यांची जोडी जास्त महाग पडते.

नावाचंही तसंच. ‘लवकर येणारा’ आणि ‘उशिरा येणारा’ ही नावं मराठी शेतीपुस्तकांत वर्षानुवर्षं आहेत. ती परदेशातल्या हंगामावरून पडली. आमच्या पावसाळी बटाट्यात उशिराचा म्हटला जाणारा करपा पस्तिसाव्या-चाळिसाव्या दिवशीच उभा राहू शकतो. काकांनी ॲपचं उत्तर वाचलं, दिवस मोजले आणि ते त्यांना पटलं. मलाही पटलं. यंत्राच्या चुकीला आमच्या भाषेतल्या नावानं दुजोरा दिला.

96 टक्के म्हणजे काय

पानाच्या फोटोवरून रोग ओळखण्याच्या संशोधनात 2016 चा एक निबंध मैलाचा दगड मानतात. मोहंती, ह्यूज आणि सालाते या तिघांचा. त्यांनी ‘प्लांटव्हिलेज’ नावाच्या संग्रहातले 54,306 फोटो वापरले. 14 पिकं, 26 रोग, आणि निरोगी पानं धरून 38 वर्ग. त्यांच्या सगळ्यात चांगल्या मॉडेलनं, म्हणजे फोटोंवरून शिकवलेल्या प्रोग्रॅमनं, न बघितलेल्या फोटोंवर 99.35 टक्के बरोबर उत्तरं दिली. हा आकडा जगभर गेला. माझ्या वर्गातही दरवर्षी कुणीतरी तोच संग्रह घेऊन प्रोजेक्ट करतं आणि 98-99 टक्क्यांची स्लाइड दाखवतं.

पण त्याच निबंधात दुसरा एक आकडा आहे. वेगळ्या परिस्थितीत काढलेले, इंटरनेटवरून गोळा केलेले फोटो त्याच मॉडेलला दाखवले तेव्हा उत्तरं बरोबर आली ती साधारण 31 टक्के. लेखकांनी हे लपवलं नाही, स्पष्ट लिहिलं. स्लाइडवर मात्र हा आकडा मी कधी बघितला नाही, आणि मुलांकडून मागितलाही नाही.

फरक एवढा का पडतो? प्लांटव्हिलेजमधलं पान तोडून, साध्या रंगाच्या कागदावर ठेवून, एकेकट्याचा फोटो काढलेला आहे. शेतात पानावर पान असतं, चिखल उडालेला असतो, पाणी चमकत असतं, मागं काकांचा पायही येतो. 2022 साली एका संशोधकानं या संग्रहाची फार साधी परीक्षा घेतली. प्रत्येक फोटोतले फक्त आठ बिंदू घेतले, तेही पानाचे नाहीत, मागच्या कागदाचे. तेवढ्यावर शिकवलेल्या मॉडेलनं 49 टक्के उत्तरं बरोबर दिली. नुसता अंदाज मारला असता तर 2.6 टक्के आली असती. पान न बघता निम्मी उत्तरं बरोबर. म्हणजे कुठला रोग कुठल्या कागदावर, कुठल्या उजेडात टिपला गेला, हेच यंत्र बऱ्याच अंशी शिकत होतं.

बटाट्याचं सांगायचं तर त्या संग्रहात दोन्ही करप्यांचे हजार-हजार फोटो आहेत आणि निरोगी पानांचे फक्त 152. पालथ्या पानाचा, पांढऱ्या लवेचा वेगळा असा वर्ग नाही. ज्या खुणेवरून काकूंनी रोग ओळखला ती खूण यंत्राला कधी कुणी स्वतंत्रपणे दाखवलीच नव्हती.

आता ते 96. असं मॉडेल दिलेल्या फोटोला आपल्या ठरलेल्या वर्गांत वाटून टाकतं आणि सगळ्या वर्गांचे हिस्से मिळून शंभर करतं. ‘यातलं काहीच नाही’ असं म्हणायची सोय मुद्दाम ठेवली नसेल तर त्याला कुठलं तरी नाव घ्यावंच लागतं. म्हशीचा फोटो दाखवला तरी ते एखादा करपा सांगेल, आणि कधी कधी नव्वदच्या वर टक्के लावून. आजची अशी मॉडेल आपल्या खात्रीचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त सांगतात हे 2017 पासून संशोधनात नीट दाखवलं गेलंय, आणि तो आकडा जागेवर आणायच्या रीतीही तयार आहेत. काकांच्या हातातल्या पडद्यावर यातलं काही पोहोचलं नव्हतं. तिथं हिरव्या पट्टीत 96 होतं.

मी तो मूळ फोटो पुन्हा घेतला आणि मागची माती कापून पान तेवढं पांढऱ्यावर ठेवलं. ॲपचं उत्तर बदललं. पान तेच, डाग तोच.

या दुखण्यावर काम चालू आहे हेही सांगायला हवं. आयआयटी गांधीनगरच्या गटानं ‘प्लांटडॉक’ नावाचा 2,598 फोटोंचा संग्रह केला, खऱ्या शेतातल्यासारख्या गर्दीच्या फोटोंचा. तो आकारानं लहान, पण आमच्यासारख्यांच्या जास्त जवळचा. फोटोच्या पलीकडेही वाटा आहेत. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात 2019 साली मोबाईलला जोडायचं एक उपकरण केलं गेलं. रोग लागलेलं पान हवेत जे वायू सोडतं त्यांनी कागदी पट्टीवरचे रंग बदलतात आणि मोबाईल ते वाचतो. टोमॅटोच्या पानावर हाच फायटोफ्थोरा त्यांनी लागण झाल्यापासून दोन दिवसांत पकडला, डोळ्यांना नीट दिसायच्या आधी. मला हे काम फार मोलाचं वाटतं. कारण बांधावर मला आधी वास आला होता, आणि तो येईपर्यंत उशीर झाला होता.

उरलेलं पीक

मित्राच्या सल्ल्यानं काकांनी औषध बदललं. दुकानात मेटॅलॅक्सिल हे करप्यावरचं औषध पुढं केलं गेलं, ते आम्ही घेतलं नाही. दक्षिण भारतात करप्याचं जे 13_ए2 नावाचं कुळ आलंय त्याच्यावर मेटॅलॅक्सिल चालत नाही. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचं यावर काम आहे. हेच कुळ युरोपात 2004 च्या सुमाराला दिसलं आणि थोड्या वर्षांत तिथं सगळीकडे पसरलं. फायटोफ्थोराचा जनुकसंच 2009 साली वाचला गेला तेव्हा त्याचं कारणही थोडं उलगडलं. सुमारे 24 कोटी अक्षरांचा तो संच, त्यातला तीन चतुर्थांश भाग पुन्हापुन्हा येणारा. झाडाची बचावफळी फोडणारी जनुकं नेमकी या अस्थिर भागात बसलेली, म्हणून ती भराभर बदलतात. कुफरी ज्योतीची ताकद का गेली, याचं उत्तर त्यात आहे.

बांधाकडच्या वीस सऱ्या गेल्याच. बाकीच्यांत रोग थांबला असं नाही, संथ झाला. सप्टेंबरच्या सुरुवातीला काकांनी पाला कापून शेताबाहेर टाकला, म्हणजे पावसाबरोबर बीजाणू मातीत उतरून कंदाला लागू नयेत. मग दोन आठवडे थांबून काढणी केली. आदल्या वर्षी याच एकरात पन्नास किलोच्या 90 पिशव्या झाल्या होत्या. या वेळी 38, आणि त्यातल्या काहींत कुजके बटाटे निवडून काढावे लागले. काकांनी मला एका शब्दानंही दोष दिला नाही.

पुढचा हंगाम, आणि उसना घेतलेला नियम

माझ्या कॉलेजातल्या दोन मुलांना घेऊन मी ठरवलं की फोटोच्या मागं लागण्याआधी हवेची नोंद ठेवायची. करपा हवेवर चालतो. ब्रिटनमध्ये 2017 पासून ‘हटन निकष’ वापरतात: लागोपाठ दोन दिवस किमान तापमान 10 अंश किंवा जास्त, आणि दोन्ही दिवशी निदान सहा तास हवेतली आर्द्रता 90 टक्के किंवा जास्त असेल, तर धोक्याचा इशारा. सोपा नियम, स्वस्त उपकरणात बसणारा.

हवा मोजणारी पेटी आम्ही शेतातच उभी केली. आर्द्रता मोजणाऱ्या सेन्सरला ऊन-पाऊस थेट लागता कामा नये आणि वारा मात्र खेळता हवा. त्यासाठी लग्नात वापरतात तशा पांढऱ्या प्लास्टिकच्या सात ताटल्या घेतल्या, मधोमध भोक पाडून, नट-बोल्ट आणि पेनच्या नळीचे तुकडे मधे घालून बोटभर अंतरावर उपड्या रचल्या. आत सेन्सर. बटाट्याच्या पाल्याच्या उंचीवर खांबाला बांधलं. पहिला सेन्सर स्वस्तातला होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो 99.9 वर गेला आणि तिथंच चिकटला, ऊन पडलं तरी उतरेना. सतत ओल्या हवेत असे सेन्सर भिजून अडतात. मग ज्याच्या पोटात बारीकसा हीटर असतो असा घेतला. दर तासाला तो स्वतःला तापवून कोरडा करतो आणि मग मोजतो. पानाचा ओलेपणा मोजायला कंगव्याचे दोन दाते एकमेकांत घातल्यासारख्या तांब्याच्या रेषांची पट्टी लावली आणि तिला पांढरा रंग दिला. कारण नुसत्या गुळगुळीत पट्टीवर दव थेंबाथेंबानं बसतं, रंगावर पानासारखं पसरतं. पट्टीतून वीज सतत सोडली तर तांबं झिजतं, म्हणून मोजण्यापुरती क्षणभर सोडायची. या सगळ्यात मुलं माझ्यापेक्षा पुढं होती.

2025 ला पाऊस मेमध्येच लागला. लागवड लांबली. पेटी चालू झाली आणि पाचव्या दिवशी आम्हाला कळलं की उसना नियम आमच्या कामाचा नाही. इशारा रोजच येत होता. ब्रिटनमध्ये 10 अंश ही अट काहीतरी गाळते. बेळगावच्या जुलैत पारा 19-20 च्या खाली सहसा जात नाही, आणि 90 टक्के आर्द्रता रोज रात्री सहा तासांहून जास्त असतेच. नियम चुकीचा नव्हता. इथं धोका खरोखरच रोज होता. पण जी घंटा रोज वाजते तिच्याकडे चौथ्या दिवशी कुणी बघत नाही. आपल्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनंही पश्चिम उत्तर प्रदेशासाठी झुलसाकास्ट आणि पुढं देशभरासाठी इंडो-ब्लाइटकास्ट असे स्वतंत्र अंदाज तयार केले, ते यासाठीच. हवा बदलली की निकष बदलावे लागतात.

मग काकांनीच प्रश्न उलटा केला. ते म्हणाले, “रोग केव्हा येणार ते मला ठाऊकच हाय. जुलै लागला की तो असतोयच. खरं औषध मारायला पान वाळलेलं केव्हा मिळणार, तेवढं सांग.”

मला हे सुचलं नसतं. मॅन्कोझेबसारखं औषध पानावर बसायला पान कोरडं हवं आणि मारल्यानंतर काही तास पाऊस नको. 2024 ला तिसाव्या दिवशी मारलेलं औषध वाहून गेलं तिथूनच सगळं बिघडलं होतं. आम्ही पेटीचं काम बदललं. धोक्याचा इशारा बंद केला. पानाची पट्टी कोरडी झाली की काकांच्या मोबाईलवर मराठीत एक ओळ जाते: ‘पान वाळलंय.’ राज्याच्या आपत्ती निरीक्षण केंद्राची वरुणमित्र मदतवाहिनी आहे, तिथं फोन करून पुढच्या काही तासांच्या पावसाचं विचारायचं. काकू कन्नड फर्ड्या बोलतात, ते काम त्यांचं. दोन्ही जुळलं की पंप काढायचा. त्या हंगामात अशा चार उघडिपी सापडल्या. त्यातली एक सकाळी नऊच्या आत संपणारी होती, एरवी ती आमच्या लक्षातही आली नसती.

2025 ला एकरात 71 पिशव्या झाल्या. हे पेटीचं यश म्हणायला मी तयार नाही. लागवडीची वेळ वेगळी, पावसाचे दिवस वेगळे, आणि या वेळी बांधाकडच्या दोन सऱ्या काकूंनी रोज सकाळी पानं पालथी करून बघितल्या होत्या. एका शेताच्या दोन हंगामांवरून कारण ठरवता येत नाही. करपा आला, पण पन्नासाव्या दिवसानंतर, आणि आला त्याच सकाळी ओळखला गेला.

फोटोंचं काम

ॲप काकांच्या मोबाईलवर आता नाही. पण मी चित्रं ओळखणाऱ्या यंत्रावरचा विश्वास सोडलेला नाही. नाहीतर हा विषय शिकवणं मी थांबवलं असतं. आम्ही आमचे फोटो गोळा करतोय. नियम काकूंनी घातलेले: सकाळी आठच्या आत, एकाच पानाचे दोन, एक सुलटा आणि एक पालथा, पान झाडावरच ठेवून, मागं जे असेल ते असू दे. शेजारच्या तीन शेतकऱ्यांनीही काढून दिले.

वर्गांना नावं देताना मी आधी पुस्तकातली दोन नावं लिहिली होती. काकूंनी ती खोडायला लावली. आता आमच्या फोल्डरांची नावं ‘गोल कड्यांचा’ आणि ‘पांढऱ्या लवेचा’ अशी आहेत. केव्हा येतो यावरून नाव ठेवलं की माणूस दिवस मोजतो, कसा दिसतो यावरून ठेवलं की पान बघतो. हे काकूंनी मला सांगितलं नाही, फक्त खोडायला लावलं. माझ्या ते नंतर लक्षात आलं.

दिवाळीच्या सुट्टीत सगळे फोटो घेऊन मी, काकू आणि धारवाडचा मित्र सोप्यात बसलो आणि एकेका जोडीला नाव लावत गेलो. चौदा जोड्यांवर तिघांचं एकमत होईना. डाग कोवळा होता, कडी नव्हती, लवही नव्हती. मित्र म्हणाला, काढून टाकूया, यंत्राला गोंधळात पाडतील. मी पण हो म्हणणार होतो. काकूंनी विचारलं, “शेतात असली पानं येत नाहीत काय?”

त्या चौदा जोड्यांसाठी आम्ही तिसरं फोल्डर केलं. त्याचं नाव ‘अजून सांगता येत नाही’. यंदाच्या जूनमध्ये मुलं जे मॉडेल शिकवायला घेतील त्यात हाही एक वर्ग असेल, आणि तो लागला तर मोबाईलवर टक्के येणार नाहीत, एवढंच येईल: उद्या सकाळी पान पालथं करून परत फोटो काढा.